आकडा कोणी टाकला?

पंडरीच्या कपडा बाजारात ब्लँकेट वजनावर विकतात. दुकानदाराने पांढऱ्या गादीवर पाच-सहा नग पसरले होते. एक दोन किलोचं, एक तीन किलोचं, आणि एक चार किलोचं, ज्यावर डरकाळी फोडणारा पिवळा वाघ. मी सवयीने सगळ्यात जड ते उचललं. दुकानदार म्हणाला, "वजन मत देखिए साहब, ये देखिए," आणि दोन किलोवाल्यावर मूठ दाबून सोडून दिली. दबलेला खळगा बघता बघता फुगून वर आला. "जितना फूलेगा, उतना गरम."

जानेवारीची दुपार होती. रात्री पारा १३ अंशांवर उतरला की आमचं रायपूर कानटोप्या काढतं, गल्लीबोळांत छेन्यांनी, म्हणजे गोवऱ्यांनी, भरलेल्या गोरश्या (मातीच्या शेगड्या) पेटतात. पण हे ब्लँकेट रायपूरच्या थंडीसाठी नव्हतं. ते चाललं होतं कॅनडातल्या विनिपेगला, माझ्या भाचीकडे. आणि तिच्या घरासाठी नव्हे, तिच्या मोटारीसाठी.

झालं असं की आठवड्यापूर्वी तिचा फोन आला. "मामा, तू आयुष्यभर लोकांची मीटरं तपासलीस. आता माझं तपास. सकाळी गाडी म्हणत होती, ३०० किलोमीटर जाईन. पोरीला शाळेत सोडून ऑफिसला पोचले. दहा किलोमीटर. आणि आता म्हणते २६५. पस्तीस कापले! मधले पंचवीस कुठे गेले?"

"बाहेर किती आहे?"

"उणे पंचवीस. इकडे रोजचंच आहे ते."

मी मध्य प्रदेशच्या वीज मंडळात चिकटलो आणि २००० साली राज्य वेगळं झालं तेव्हा छत्तीसगडच्या मंडळातून पुढे चालू राहिलो. मीटर आणि वापर जुळला नाही की आमच्याकडे पहिला संशय ठरलेला असतो: कोणीतरी आकडा टाकलाय. खांबावरच्या तारेला वाकवलेली तार अडकवायची आणि फुकट वीज ओढायची, हा तो आकडा. भाचीची गाडी विजेवर चालणारी. म्हटलं, ठेव फोन, पंचनामा करून सांगतो. पाठकोरा कागद घेतला आणि संशयितांची यादी लिहायला बसलो.

आधी चोरी किती झाली ते ठरवलं. मध्यम आकाराची विजेची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते. म्हणजे पस्तीस किलोमीटरचे झाले सव्वापाच युनिट. प्रत्यक्ष दहा किलोमीटर धावायला लागले दीड युनिट. चोरीचा माल पावणेचार युनिट, अर्ध्या तासात. आमच्याकडे पावणेचार युनिटांत पंखे, दिवे, फ्रिज आणि टीव्ही धरून लहान कुटुंबाचा दिवस निघतो.

संशयित पहिला: गाडीतली हवा

सगळे आधी हिच्याकडेच बोट दाखवतात. गाडीतली गार हवा गरम करायला वीज गेली, दुसरं काय? पण ही हवा आहे किती? मोटारीच्या आत सुमारे तीन घनमीटर जागा असते. उणे २५ अंशांच्या दाट हवेने ती भरली तरी हवेचं वजन भरतं जेमतेम चार किलो. त्या वाघाच्या ब्लँकेटएवढं. एक किलो हवा एक अंशाने तापवायला एक किलोज्यूल लागतो. उणे २५ पासून २० पर्यंत ४५ अंश चढायचे, म्हणजे १८० किलोज्यूल. युनिटांत ०.०५.

ही उष्णता किती, तर पाच कप चहाचं पाणी उकळायला लागते तेवढी. उणे पंचवीसमध्ये रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतली सगळी हवा वसंतातल्यासारखी उबदार करायला पाच कप चहाचा खर्च! पावणेचार युनिटांपुढे ही चिल्लर. पहिला संशयित निर्दोष सुटला.

संशयित दुसरा: आतलं सामान

हवा गरम झाली तरी ती गरम राहत नाही, कारण तिच्याभोवती सगळं गोठलेलं आहे. सीट, डॅशबोर्ड, दारांचं अस्तर, गालिचा, स्टिअरिंग, मागे पडलेलं पोरीचं दप्तर. हे सगळं मिळून दीडशे किलो धरा. ते पूर्ण २० अंशांवर आणायचं तर सव्वादोन युनिट लागतात, हवेच्या ४५ पट. अर्ध्या तासात सगळ्याचा गाभा काही तापत नाही, म्हणून मी दोन युनिट धरले. पहिला मोठा चोर सापडला. गंमत म्हणजे चोरीचा माल तो घरातच ठेवतो. पण भाची ऑफिसला पोचते, गाडी आठ तास बर्फात उभी राहते आणि दोन युनिटांची ती ऊब एक पैही परत न करता आकाशात जाते. संध्याकाळी परत दोन युनिट.

संशयित तिसरा: काच आणि पत्रा

घराला विटांची भिंत असते. विनिपेगच्या घरांना तर भिंतीत लोकरीसारखा जाड थर आणि खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा असतात. मोटार म्हणजे काचेची आणि पत्र्याची पेटी. स्थिर हवेतून उष्णता जितकी झिरपते त्याच्या सुमारे ४० पट काचेतून झिरपते आणि पोलादातून तर दोन हजार पट. त्यात बाहेरून वारा काच सतत धुऊन काढत असतो. चार चौरस मीटर काच आणि ४५ अंशांचा फरक: हजार वॅट बाहेर. अस्तराखालचा पत्रा, छत आणि तळ मिळून आणखी हजारभर. ढोबळ हिशेब आहे, पण दोन किलोवॅट, म्हणजे बाथरूममधला एक गीझर, अखंड रस्त्यावर ओतला जातोय.

संशयित चौथा: आपला श्वास

हा मला सगळ्यात आवडला. माणूस बसल्या बसल्या श्वासातून आणि कातडीतून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी सोडतो. गाडीत चौघं असले तर तासाभरात वाटीभर पाणी हवेत जातं. बाहेर पडायला वाट दिली नाही, तर ते गार काचेवर धरतं आणि तिथंच गोठतं. पावसाळ्यात आपल्या गाड्यांच्या काचा धुरकटतात तसंच, फक्त इथे फडक्याने पुसता येत नाही, खरवडावं लागतं.

म्हणून हीटर आतलीच हवा फिरवत बसू शकत नाही. त्याला बाहेरची कोरडी हवा सतत आत घ्यावी लागते. उणे २५ अंशांच्या एका घनमीटर हवेत फार तर अर्धा ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम. बाहेरची हवा तापवली की ती तहानलेली होते आणि काचा कोरड्या ठेवते. पण तासाला शंभर घनमीटर हवा आत घेतली, तर गाडीतली हवा तासाभरात ३३ वेळा बदलते. पाच कप चहाचा तो किरकोळ खर्च आता तेहतीसदा करायचा. झाला दीड किलोवॅट.

काच-पत्र्याचे दोन आणि श्वासाचा दीड, मिळून साडेतीन किलोवॅट. अर्ध्या तासाचे पावणेदोन युनिट. त्यात सामानाचे दोन मिळवा: पावणेचार. पंचनामा जुळला. माझे आकडे गोल केलेले आहेत, खरी गाडी दहा-वीस टक्के इकडेतिकडे होईल, पण आकडा टाकणारे हेच.

साडेतीन किलोवॅट म्हणजे किती, हे आपल्या भाषेत सांगतो. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. साडेतीन किलोवॅट म्हणजे ३५ माणसांची ऊब, एका गाडीत. किंवा असं बघा. आमच्या छत्तीसगडात थंडी बघायला लोक मैनपाटला जातात. तिबेटी निर्वासितांची १९६२ पासूनची वस्ती तिथे आहे आणि जानेवारीत पहाटे गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं दिसतं. रायपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, मैनपाट अकराशेच्या आसपास. सतराशे किलोची गाडी हे आठशे मीटर उचलून वर न्यायला पावणेचार युनिट लागतात. विनिपेगच्या थंडीत गाडी जागेवर उभी ठेवून तासभर हीटर लावणं म्हणजे अख्खी गाडी जवळजवळ मैनपाटवर चढवणं.

उधळ्याच्या घरची ऊब

भाचीने विचारलं, "मग जुन्या पेट्रोलच्या गाडीत हे कधी जाणवलं कसं नाही?"

कारण पेट्रोलचं इंजिन उधळं आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांची ऊर्जा असते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी, लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी तासाला सव्वातीन लिटरच्या वर पेट्रोल पिते, म्हणजे ३० किलोवॅट. त्यातले चाकांपर्यंत पोचतात सातआठ. उरलेले २२ किलोवॅट रेडिएटर आणि सायलेन्सरमधून वाऱ्यावर. अकरा गीझर! आपण आयुष्यभर अकरा गीझर चालू ठेवून गाड्या हाकल्या आणि त्यातल्या दीड-दोन गीझरांच्या उबेला "फुकटचा हीटर" म्हणत आलो.

विजेची मोटार काटकसरी गृहिणीसारखी आहे. शंभरातलं नव्वद कामाला लावते, मागे उरतं काय? काटकसरीच्या घरात उष्टं-शिळं शिल्लक राहत नाही, म्हणून पाहुणा आला की वेगळा स्वयंपाक करावा लागतो.

आणि तिच्या घरात मुळात शिधाच किती असतो? मध्यम गाडीतली ६० युनिटांची बॅटरी चारशे किलोची असते. तिच्यातली ऊर्जा पेट्रोलमध्ये मोजली तर पावणेसात लिटर भरते. स्कूटरची टाकी काठोकाठ भरली आणि वर दीड लिटरची बाटली घेतली की झालं. पेट्रोलचं वजन पाच किलो, बॅटरीचं चारशे, ऊर्जा तेवढीच. एवढ्याशा शिध्यावर ती गाडी चारशे किलोमीटर जाते. तिच्या किफायतीला सलाम ठोकावा तो याच आकड्यासाठी. पण इतक्या मोजून-मापून चालणाऱ्या संसारात साडेतीन किलोवॅटचा हीटर म्हणजे जावई.

मोटार किलोमीटरवर, हीटर तासावर

सगळ्या गोंधळाचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. मोटार वीज खाते किलोमीटरवर, हीटर खातो तासावर. भाचीने ट्रॅफिकमध्ये ताशी २० च्या वेगाने दहा किलोमीटर कापले, तेव्हा शंभरातले सत्तर भाग ऊब खाऊन गेली. तीच गाडी शंभरच्या वेगाने हायवेवर दोन तास नेली तर चित्र उलटतं: मोटार छत्तीस-एक युनिट, सामान दोन, हीटर सात. उबेचा वाटा वीस टक्के. थंडी तीच, गाडी तीच.

म्हणूनच वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली पाच गाड्या तपासल्या. उणे ६.७ अंशांना हीटर बंद ठेवला तर पल्ला १२ टक्के घटला, चालू केला तर ४१ टक्के. नॉर्वेच्या मोटारचालक संघटनेने २०२० मध्ये २० गाड्या खऱ्या रस्त्यांवर बॅटरी संपेपर्यंत पळवल्या, तेव्हा सरासरी घट निघाली १८.५ टक्के. लांब पल्ल्यात उबेचा खर्च किलोमीटरांवर पसरतो.

त्याच अमेरिकी चाचणीत आम्हा रायपूरकरांसाठीही एक ओळ होती. ३५ अंशांना एसी लावला तर पल्ला १७ टक्के घटतो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतात आणि आम्ही आकाशपाताळ एक करतो. पण ४५ वरून २५ वर आणायचं म्हणजे वीसच अंशांचा फरक. विनिपेगला फरक ४५ अंशांचा, दुपटीहून जास्त. आणि आमची जी काय थंडी आहे, १३ अंशांची, तिला कोणतीही गाडी हसतच तोंड देईल.

थंडी हीटरबाहेरही हात मारते. उणे २५ अंशांची हवा रायपूरच्या मे महिन्यातल्या हवेपेक्षा सुमारे २८ टक्के दाट असते, हायवेवर गाडीला ती कापत जावं लागतं. २० अंशांना ३३ पौंड भरलेलं टायर उणे २५ ला २६ पौंडांवर येतं, कुठे पंक्चर नसताना.

आणि बॅटरी स्वतः गारठते. लिथियमचे आयन थंडीत मधात अडकलेल्या मुंग्यांसारखे चालतात. शून्याखाली जबरदस्तीने चार्ज केलं तर ते ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साठतात आणि बॅटरी कायमची अधू होते. म्हणून गाडी आधी बॅटरी तापवते, मग वीज आत घेते. चारशे किलो बॅटरी उणे २५ वरून १५ अंशांवर आणायला साडेचार युनिटांच्या घरात लागतात, म्हणजे तीस किलोमीटरचा पल्ला. २०२४ च्या जानेवारीत शिकागोत पारा उणे १८ च्या खाली गेला तेव्हा चार्जिंगच्या जागी लागलेल्या रांगा जगभर दाखवल्या गेल्या. त्या रांगांमागे हेच गणित होतं: गारठलेली बॅटरी वीज सावकाश घेते, रांग हलत नाही, आणि रांगेत उभी गाडी हीटर लावून असलेलीही संपवते.

मग लोक विचारतात, बर्फात अडकलो तर? २०२२ च्या ३-४ जानेवारीला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आय-९५ महामार्गावर पाऊणशे किलोमीटरच्या पट्ट्यात गाड्या अडकल्या, काही जण चोवीस तासांहून जास्त. उभ्या गाडीला वारा कमी लागतो, म्हणून तीन किलोवॅट धरा. भरलेली ६० युनिटांची बॅटरी वीस तास पुरेल. अर्धी असेल तर दहा. आणि हीटर एक किलोवॅटवर आणून कोट अंगावर ठेवला, तर अर्ध्या बॅटरीवरही तीस तास. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

गारठ्यातून ऊब उपसायची

चोरी पकडली, आता उपाय. पहिला उपाय म्हणजे हीट पंप, अर्थात उलटा लावलेला एसी. एसी आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, हा बाहेरची उपसून आत आणतो. उणे पंचवीसमध्ये कसली उष्णता, असं वाटेल. पण आपलं शून्य हे पाणी गोठण्याचं शून्य आहे. थंडीचा खरा तळ उणे २७३ अंशांवर आहे. तिथून मोजलं तर विनिपेगची हवा २४८ पायऱ्या वर उभी आहे आणि आपली उबदार खोली २९३ पायऱ्यांवर. रस्त्यावरच्या त्या जीवघेण्या गारठ्याने ८५ टक्के चढ आधीच चढलेला आहे.

निसर्गनियमाने या ४५ अंशांच्या फरकात एका युनिटावर साडेसहा युनिट ऊब मिळायला हरकत नाही. प्रत्यक्षात शून्याच्या वर दोन-तीन मिळतात, उणे वीसच्या आसपास दीड, आणि त्याही खाली पंप साध्या हीटरच्या कॉइलएवढाच उरतो. दोष वायूचा. गाड्यांच्या एसीत वर्षानुवर्षं असलेला आर-१३४ए वातावरणाच्या साध्या दाबाला उणे २६ ला उकळतो. उणे पंचवीसच्या हवेतून उष्णता ओढायला त्याला तिच्याहून गार व्हावं लागतं, तिथे तो इतका विरळ होतो की कॉम्प्रेसर नुसता फिरतो. म्हणून फोक्सवॅगनने काही गाड्यांत कार्बन डायऑक्साइड भरला, जो उणे ३० लाही वातावरणाच्या चौदापट दाबाने उसळत असतो. २०१२-१३ च्या सुमारास निसान लीफ आणि रेनॉ झोई यांच्यापासून हीट पंप बाजारात रुळला.

त्याआधी लोकांनी काय काय केलं! व्होल्व्होने २०११ च्या सी-३० या विजेच्या गाडीत इथेनॉल जाळणारा हीटर बसवला होता. चालायला वीज, शेकायला दारू. युरोपातल्या कित्येक विजेच्या बसगाड्यांत आजही छोटा डिझेल हीटर असतो. आणि मागे गेलं तर १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी बनल्या, त्यातल्या १,५७५ विजेच्या होत्या, पेट्रोलच्या फक्त ९३६. त्यांत हीटर नव्हताच. मांडीवर जाड पांघरूण आणि पायाशी तापवलेली वीट घेऊन माणसं थंडीत फिरत.

विनिपेगचा स्वतःचा उपाय तर जुनाच आहे. तिथे पेट्रोलच्या गाड्याही रात्री प्लगला लावतात, इंजिनातलं तेल आणि पाणी गोठून बसू नये म्हणून. पार्किंगमध्ये खांबावर प्लग असतात. भाचीला म्हटलं, गाडी रात्रभर त्या प्लगला ठेव आणि निघण्याआधी अर्धा तास आतलं सामान भिंतीच्या विजेवर तापव. यात वीज वाचत नाही, नुसतं मीटर बदलतं. पण बॅटरीतले दोन युनिट रस्त्यासाठी उरतात.

कोरबा ते ऑस्लो

एका गाडीचा हिशेब झाला. पण वीज मंडळातला माणूस एका ग्राहकावर थांबत नाही, तो लगेच फीडरचा लोड काढतो.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्वेत विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींपेक्षा जास्त झाल्या. ७,५४,३०३ विरुद्ध ७,५३,९०५. त्या वर्षी विकलेल्या नव्या गाड्यांत ८८.९ टक्के विजेच्या. समजा एका गारठलेल्या सकाळी या सगळ्या साडेसात लाख गाड्यांनी एकाच वेळी तीन-तीन किलोवॅटचा हीटर लावला. असं प्रत्यक्षात घडत नाही, पण समजा. लोड झाला २,२६३ मेगावॅट.

हा आकडा लिहिला आणि मी कागद जरा लांब धरून पाहिला. आमच्या कोरब्याचं एनटीपीसीचं औष्णिक केंद्र २,६०० मेगावॅटचं आहे. दोनशेचे तीन संच, पाचशेचे चार. ते सातही संच जवळजवळ पूर्ण भाराने चालवायचे ते एका देशाच्या गाड्यांतल्या माणसांच्या मांड्या उबदार ठेवायला. एका युनिटाला सातशे ग्रॅम कोळसा धरला तर तासाला जवळजवळ १,६०० टन. दर अडीच तासांनी चार हजार टनांची एक मालगाडी. नॉर्वेची नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज धबधब्यांवर तयार होते, त्यांना कोळशाची मालगाडी बोलवावी लागत नाही. पण आपल्याकडे लेहमध्ये, जिथे जानेवारीची रात्र उणे पंधराच्या आसपास असते, तिथे उद्या हजारो विजेच्या गाड्या फिरल्या तर हा हिशेब आपल्यालाही मांडावा लागेल. लेहला एक सवलत आहे. साडेतीन हजार मीटरवर हवाच विरळ, एक घनमीटरमध्ये आपल्या दोन-तृतीयांश. तापवायला कमी किलो.

मग त्याच कागदावर दुसरं गणित केलं. चालकाच्या सीटमधली तापणारी जाळी खाते साधारण ६० वॅट. साडेसात लाख गाड्यांच्या चालकांनी फक्त ती लावली तर लोड किती? ४५ मेगावॅट. कोरब्याच्या सगळ्यात लहान संचाचाही चौथा हिस्सा नाही.

२,२६३ आणि ४५. एक आकडा हवा तापवण्याचा, दुसरा माणूस तापवण्याचा. पन्नासपट फरक. सीटची ऊब पाठीला चिकटून असते, ती काचेतून पळत नाही, तिला तासात ३३ वेळा नवी हवा पुरवावी लागत नाही. आणि शंभर वॅटची शेगडी तर प्रत्येक माणूस आपल्या अंगात घेऊनच गाडीत बसतो. ती ऊब कोणी धरून ठेवली तर.

धरून ठेवते ती हवाच. स्थिर हवेइतकी उष्णता अडवणारी स्वस्त वस्तू जगात सापडायची नाही. अट एवढीच की ती हलता कामा नये. गाडीतली तीन घनमीटर हवा पंख्याने सतत हलत असते, म्हणून तिला साडेतीन किलोवॅट लागतात. ब्लँकेटच्या लवीत अडकलेली चार बोटं हवा जागची हलत नाही, म्हणून तिला काहीच लागत नाही. दुकानदाराने मूठ दाबून सोडली तेव्हा जे फुगून वर आलं, ते कापड नव्हतं, हवा होती. पंडरीत ती किलोच्या भावाने मिळते.

मी दोन किलोचंच घेतलं. विनिपेगहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाच्या बॅगेत ते गेलं. परवा भाचीचा फोन होता. हीटर १६ वर ठेवला, काचा साफ राहतील एवढाच. सीटची जाळी चालू, मांडीवर पंडरीचं ब्लँकेट, आणि निघण्याआधी अर्धा तास गाडी प्लगवर. "किती कापले?" मी विचारलं.

"अठरा. पण मामा, पोरगी मागच्या सीटवरून ते ब्लँकेट ओढून घेते. अजून एक पाठव."

संध्याकाळी परत पंडरीला गेलो. दुकानं बंद होत होती, शटरं खाली येत होती. एका ओट्यावर चौकीदाराने गोरसी पायांमध्ये ठेवली होती आणि डोक्यावरून घोंगडी अशी पांघरली होती की गोरसीसुद्धा तिच्या आतच. धुरासाठी तोंडापाशी वीतभर फट होती.

मी दुकानदाराला म्हटलं, दोन द्या. एक माझ्यासाठी. रायपूरला त्या रात्री १३ अंश होते.